पत्त्यांमधले पाहुणे

माझ्या दोन नातवंडांमध्ये सध्या पत्त्यांवरून अबोला आहे. जेवताना बोलतात, एका गाडीतून जातात, पण एकमेकांसमोर पत्ते मांडायचे नाहीत, असं सप्टेंबर २०२५ पासून चाललं आहे. मिहिर चोवीस वर्षांचा, सई सतरा वर्षांची. माझ्या मुलीची मुलं, न्यू जर्सीत असतात. भांडणाचं कारण सांगितलं तर तुम्ही हसाल. कारण आहे स्पायडरमॅन.

हसा खुशाल! पण चौतीस वर्षं वर्गात उभं राहिलेल्या बाईचं एक ऐका. मुलांच्या ज्या भांडणाला मोठी माणसं हसतात, त्याच्या बुडाशी बहुतेक वेळा काहीतरी खरं दुखणं असतं. मी दोघांशी वेगवेगळं बोलले, त्यांच्याकडूनच खेळ समजून घेतला, मिळेल ते वाचलं. डोंबिवलीत बसून दुसरा उद्योग तरी काय! तर आज त्याबद्दल.

आधी खेळ काय आहे ते सांगते, म्हणजे आमच्या नातेवाईक मंडळींनाही कळेल. नाव ‘मॅजिक: द गॅदरिंग’. १९९३ साली अमेरिकेत रिचर्ड गारफील्ड नावाच्या गणिताच्या माणसाने तो तयार केला आणि विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने बाजारात आणला. आपल्या मेंढीकोटात किंवा झब्बूत बावन्न पत्त्यांचा एकच कॅट सगळ्यांत मिळून असतो. इथे प्रत्येकाचा कॅट ज्याचा त्याचा. आजवर पंचवीस हजारांहून जास्त निरनिराळे पत्ते निघाले आहेत. त्यातले आपण निवडायचे, साधारण ६० पत्त्यांचा कॅट जुळवायचा आणि समोरच्याशी लढायचं. प्रत्येक पत्ता म्हणजे एखादा प्राणी, योद्धा किंवा मंत्र. प्रत्येकाला २० गुण आयुष्य, आणि ज्याचं शून्य झालं तो हरला. पत्ते बंद पाकिटात विकत मिळतात, आत काय आहे ते फोडल्यावर कळतं. त्यामुळे पालकांच्या खिशाचं काय होतं ते माझ्या जावयांना विचारा.

या खेळाला स्वतःची गोष्ट आहे. कंपनीने तीस वर्षांत अनेक जगं रचली आणि पत्त्यांवर ती चित्रं आणि दोन-दोन ओळींच्या मजकुरातून थोडी थोडी उलगडली. राव्हनिका नावाचं एक जग तर सगळंच्या सगळं शहरच आहे, आणि त्यावर दहा संघांची सत्ता आहे. मिहिर पुण्याहून तिकडे गेला तेव्हा अकरा वर्षांचा होता. साल २०१२. उच्चार वेगळे, डब्याचा वास वेगळा, मधल्या सुट्टीत एकटा. त्याच ऑक्टोबरात राव्हनिकाचा नवा संच निघाला होता आणि शाळेच्या लायब्ररीत चार मुलं तो खेळत बसायची. मिहिर आधी नुसता मागे उभा राहायचा. मग एकाने त्याला आपले जास्तीचे पत्ते दिले. “आजी, त्या जगात मीही नवा होतो आणि तेही नवे होते, म्हणून जमलं,” असं तो मला एकदा म्हणाला होता. पुढे दर शुक्रवारी संध्याकाळी दुकानात जाऊन खेळणं सुरू झालं, ते तेरा वर्षं.

आता पाहुण्यांकडे येते.

ऑक्टोबर २०२० मध्ये कंपनीने ‘द वॉकिंग डेड’ या दूरदर्शन मालिकेतल्या रिक, निगन वगैरे पात्रांचे पत्ते काढले. त्याआधीही त्याच वर्षी गॉडझिला आला होता, पण तो जुन्याच पत्त्यांवर नुसतं वेगळं चित्र म्हणून. हे पत्ते खेळाच्या दृष्टीने अगदी नवे होते, त्यांची ताकद दुसऱ्या कुठल्याच पत्त्यात नव्हती, आणि ते साधारण आठवडाभरच विकायला होते. खेळणाऱ्यांमध्ये मोठा गदारोळ झाला. कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये उलट जाहीर केलं की आता हे नेहमीच होणार. या प्रकाराला नावही दिलं, ‘युनिव्हर्सेस बियाँड’, म्हणजे पलीकडची विश्वं. मग २०२२ मध्ये वॉरहॅमर, २०२३ मध्ये टोल्किनचं लॉर्ड ऑफ द रिंग्ज आणि डॉक्टर हू, २०२४ मध्ये फॉलआउट... रांगच लागली. लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या वेळी ‘द वन रिंग’ या पत्त्याची एकच विशेष प्रत छापून एका पाकिटात टाकली होती. ती कॅनडात सापडली आणि पोस्ट मलोन नावाच्या गायकाने सुमारे २० लाख डॉलरना घेतली. एक पत्ता! असो.

तोवर मिहिरची तक्रार बेताची होती. हे पत्ते मुख्यतः घरगुती, चौघांनी मिळून खेळायच्या ‘कमांडर’ प्रकारात दिसायचे. त्यात १०० पत्त्यांचा कॅट असतो आणि डाव सुरू होण्याआधी ‘आज कुठले पत्ते चालतील’ हे आपसात बोलून घ्यायची पद्धत आहे. नको असेल तर नको म्हणता येतं. तो खेळायचा तो ‘स्टँडर्ड’ प्रकार, नव्या पत्त्यांचा, स्पर्धेचा. तिथे पाहुणे नव्हते. ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीने सांगितलं की पुढच्या वर्षापासून तिथेही येणार. २०२५ च्या सहा मुख्य संचांपैकी तीन बाहेरचे: जूनमध्ये फायनल फँटसी हा जपानी व्हिडिओ गेम, सप्टेंबरमध्ये स्पायडरमॅन, नोव्हेंबरमध्ये अवतार ही कार्टून मालिका. २०२६ साठी सात संच जाहीर झाले, त्यातले चार बाहेरचे.

पहिला घाव फायनल फँटसीने घातला. त्या संचात विव्ही नावाचा एक पत्ता होता, टोपीवाला छोटा जादूगार. तो इतका जबर निघाला की जिंकायचं तर विव्ही कॅटमध्ये हवाच. अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीला त्याच्यावर बंदी घालावी लागली. पण मधले महिने मिहिरसारख्यांपुढे दोनच वाटा होत्या. नको असलेला पाहुणा स्वतःच्या हातात धरायचा, नाहीतर दर शुक्रवारी हरायचं. स्पर्धेच्या टेबलावर ‘आज हा नको’ असं म्हणायची सोय नसते. त्यातून या संचाच्या पाकिटाची छापील किंमतही जास्त. साधं पाकीट ५.४९ डॉलरला, हे ६.९९ ला.

आणि याच संचातून आमची सई खेळात आली.

सईने लहानपणापासून भावाला त्या पत्त्यांत डोकं घालून बसलेलं पाहिलं होतं. तिने कधी शिकव म्हटलं की तो म्हणायचा, आधी एवढं वाच, मग सांगतो. ते ‘एवढं’ कधी संपायचं नाही. उलट फायनल फँटसीतलं तिला सगळं पाठ. आजारपणात, सुट्टीत, करोनाच्या घरकोंडीत ती तेच खेळत वाढली. त्यातला चोकोबो नावाचा पिवळा पक्षी तर तिच्या उशीच्या अभ्र्यावर आहे. तो पत्त्यावर दिसल्यावर तिला पहिल्यांदा वाटलं की या खेळात आपल्याही ओळखीचं कुणीतरी आहे. साठवलेल्या पैशातून पाकिटं घेतली, आठ दिवसांत नियम शिकली, भावाबरोबर दुकानात गेली.

आणि सप्टेंबरमधल्या एका शुक्रवारी, स्पायडरमॅनचे पत्ते आले तेव्हा, मिहिर मित्रांना म्हणाला की आता दुकानात खरे खेळाडू उरलेच नाहीत, सगळे पर्यटक. सई दोन खुर्च्या सोडून बसली होती. तिने आपले पत्ते डब्यात भरले आणि बाहेर गाडीत जाऊन बसली. एवढंच झालं. तेव्हापासून तो अबोला. मिहिरनेही पुढे शुक्रवारचं जाणं सोडलं आणि तेरा वर्षांचे पत्ते विकायला म्हणून खोक्यांत वेगळे करून ठेवले.

मी वाचत गेले तसं लक्षात आलं की हे भांडण आमच्याच घरात नाही. खेळणाऱ्यांमध्ये चार-पाच तऱ्हा सरळ दिसतात. काहींना बाहेरचं काहीच नको. काही म्हणतात सूर जुळला तर चालेल: टोल्किन हवा, कारण तलवारी, चेटूक आणि ड्रॅगन ही खेळाचीच भाषा आहे, पण स्पंजबॉब नको (हो, मार्च २०२५ मध्ये तोही आला). स्पायडरमॅनच्या संचात हॉटडॉगच्या गाडीचा पत्ता आहे. ड्रॅगनच्या शेजारी हॉटडॉगची गाडी म्हणजे संगीत सौभद्रात मध्येच रिक्षा, तसं त्यांना वाटतं. काहींना चित्राशी देणंघेणंच नाही. त्यांच्यासाठी पत्ता म्हणजे आकडे आणि नियम, वर घोडा काढा नाहीतर गाढव. आणि मोठा वर्ग सईसारख्यांचा, जे या पाहुण्यांचं बोट धरूनच घरात आले. तो वर्ग किती मोठा आहे हे विक्रीवरून कळतं. कंपनीची मालक हॅस्ब्रो, तिच्या प्रमुखांनी सांगितलं की लॉर्ड ऑफ द रिंग्जला २० कोटी डॉलरचा टप्पा गाठायला सहा महिने लागले, फायनल फँटसीने तो एका दिवसात गाठला. एवढ्या लोकांना ‘पर्यटक’ म्हणून उडवून लावता येत नाही. स्पायडरमॅनवर मात्र नव्या-जुन्या अनेकांनी नाकं मुरडली, म्हणजे ओळखीचा चेहरा दिसला की लोक काहीही उचलतात असंही नाही.

मिहिरची बाजू ऐकताना मी त्याला विचारलं, “अरे, पण बाहेरची गोष्ट आणायची नाही असा तुमच्या खेळाचा धर्म आहे का?” उत्तर त्यानेच प्रामाणिकपणे दिलं. नाही! या खेळाचा पहिला पुरवणी संच डिसेंबर १९९३ चा, आणि तो चक्क अरबी सुरस कथांचा. अल्लाउद्दीन, अलीबाबा, सिंदबाद सगळे त्यात आहेत. शहरजाद नावाचा पत्ता टाकला की चालू डाव थांबवून मध्येच दुसरा छोटा डाव खेळायचा, म्हणजे गोष्टीत गोष्ट. काय सुंदर कल्पना! १९९९ मध्ये चिनी ‘तीन राज्यांची कथा’ही पत्त्यांवर आली.

त्या अरबी संचाची आणखी एक हकिगत मला फार आवडली. त्या पत्त्यांची पाठ वेगळी छापायची असं आधी ठरलं होतं, म्हणजे मूळचे कोणते आणि बाहेरचे कोणते हे पाठीवरूनच ओळखू यावं. खेळणाऱ्यांनीच ओरड केली आणि ऐन वेळी बेत बदलला. सगळ्यांची पाठ एक झाली, म्हणून सगळे एकत्र पिसता येऊ लागले. आजचं सगळं भांडण त्या निर्णयातून निघालेलं आहे, आणि खेळाची गंमतही त्याच निर्णयात आहे.

मग अलीबाबा चालतो आणि स्पायडरमॅन का खुपतो? नुसतं जुनं ते सोनं म्हणून? मला तसं वाटत नाही. दोन उदाहरणं देते.

पहिलं उदाहरण आपल्या जवळचं. २०१६ मध्ये कंपनीने भारतावरून बेतलेलं एक जग काढलं, ‘कलादेश’. कल्पक कारागिरांचा देश. पण इंग्रजी लिपीत लिहिलेलं ते नाव कुणी ‘काळा देश’ असंही वाचू शकतं. मराठी शिकवलेल्या बाईला हे समजावून सांगायला नको, एका कान्या-मात्राने अर्थाचा अनर्थ मी तीन दशकं तपासला आहे. २०२५ च्या फेब्रुवारीतल्या संचात त्यांनी नाव बदललं. गोष्टीत दाखवलं की जुनी राजवट उलथून लोकांनी देशाचं नाव ‘आविष्कार’ ठेवलं. किती छान! आपलं जग, आपली चूक, आपणच सुधारली, आणि त्यातूनही एक गोष्ट निघाली.

दुसरं उदाहरण स्पायडरमॅनचं. कागदी पत्त्यांवर तो स्पायडरमॅन आहे. पण संगणकावरच्या खेळात तेच पत्ते वेगळ्या नावांनी आणि वेगळ्या चित्रांनी आले, कारण तिथे ती नावं वापरायची मुभा नव्हती. ताकद तीच, आकडे तेच, माणूस दुसराच. म्हणजे दुकानात हातात धरला तर एक आणि पडद्यावर खेळला तर दुसरा.

माझ्या मते दुखण्याचं मूळ इथे आहे. उसनं घेणं हे दुखणं नव्हे. अलीबाबाला मालक नाही. तो आला, त्याला हवं तसं वळवलं, तो घरचा झाला. स्पायडरमॅन येतो तो करारावर, भाडेकरूसारखा. त्याच्या नावाला, चेहऱ्याला हात लावायचा तर मूळ मालकाला विचारायचं. तीस वर्षं एका घरात राहिलेल्या माणसाला हे जाणवतं की भिंतीवरचं चित्र आता आपलं नाही. मिहिरला ते नीट सांगता आलं नाही, म्हणून त्याचा राग चुकीच्या खुर्चीवर पडला. करार करणारे कुठेतरी दूर बसलेले, समोर होती ती सतरा वर्षांची बहीण.

नोव्हेंबरमध्ये ‘अवतार’ आला तेव्हा मला सावंतवाडी आठवली. माझं माहेर तिकडचं. नातेवाइकांच्या घरी लहानपणी मी गंजिफाचे पत्ते पाहिले आहेत. गोल, लाखेचं चकचकीत काम केलेले, आणि त्यांवर दशावतार. मत्स्य, कूर्म, वराह... दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहाचे पत्ते, मिळून १२०. दिवसा डाव रामापासून सुरू व्हायचा आणि रात्री कृष्णापासून. आम्हाला वाटायचं हा खेळ पुराणांतूनच आला असणार. पण गंजिफा मुळात इराणकडचा. १५२७ साली बाबराने सिंधमधल्या शाह हसनला हे पत्ते पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. मोगली खेळ ९६ पत्त्यांचा, त्यावर ताज, शमशेर, गुलाम. इथल्या लोकांनी तो घेतला आणि त्यावर आपले देव बसवले. नवव्या जागी कुठे बुद्ध आहे, कुठे दुसरं कुणी. ज्या गावचा चितारी, त्याची तशी यादी. कुणाची परवानगी लागली नाही. त्या काळीही कुणी जुना खेळाडू नक्की कुरकुरला असेल की हे काय, शमशेरीच्या जागी मासा आणि कासव! आणि कुणी घरातली बाई त्या माशामुळेच पहिल्यांदा डावाला बसली असेल, कारण मत्स्यावताराची गोष्ट तिला पाठ होती.

(ज्यांना हे पत्ते पाहायचे असतील त्यांनी सावंतवाडीच्या राजवाड्यात जावं. भोसले राजघराण्याने १९७० च्या दशकात ही कला मरता मरता वाचवली.)

आता मिहिर आणि सई, हे तुमची आई तुम्हाला वाचून दाखवणार आहे म्हणून दोन शब्द थेट तुम्हाला.

मिहिर, तुझी तक्रार मला पटते. ज्या जगाने तुला अकराव्या वर्षी मित्र दिले, ते जग निम्मं भाड्याने दिलं गेलं तर वाईट वाटणारच, आणि वाटायला हवं. जे आवडत नाही ते विकत घेऊ नकोस. तू मला सांगितलंस की काही लोक आपल्याला आवडणारे साडेतीनशे-चारशे पत्ते निवडून कायमची एक पेटी बनवतात, तिला क्यूब म्हणतात, आणि मित्र जमले की त्यातूनच पत्ते वाटून खेळतात. कंपनीने उद्या काहीही छापलं तरी त्या पेटीत काय असावं हे तूच ठरवणार. ती खोकी विकण्याऐवजी हे कर. पण ‘खरा खेळाडू’ हा शब्द सोडून दे. लायब्ररीत तुला ज्या मुलाने जास्तीचे पत्ते दिले, त्याने तुला आधी काही वाचायला सांगितलं नव्हतं.

सई, तुझं प्रेम जाहिरातीने विकत घेतलेलं नाही हे मला माहीत आहे. चोकोबो तुझ्या उशीवर आधी आला, पत्त्यावर नंतर. पण भाऊ ज्या राव्हनिकाबद्दल बोलतो त्या दहा संघांची गोष्ट एकदा त्याच्याकडून ऐकून घे. ओळखीच्या पाहुण्यामुळे आपण घरात शिरलो, तर घर कसं आहे तेही बघावं.

मी मे महिन्यात तिकडे येते आहे. नियम बरेचसे कळले आहेत. एक मात्र डोक्यात शिरत नाही: दोघांनी एकापाठोपाठ मंत्र टाकले तर शेवटी टाकलेला आधी लागू होतो, ते ‘स्टॅक’ प्रकरण. हे एकट्याने समजावून होण्यासारखं नाही. दोघांनी समोरासमोर बसून, पत्ते टाकून दाखवावं लागेल. आजीला पत्ते कुठलेही चालतील.

ज्या वाचकांच्या घरी हा खेळ आहे त्यांनी आपल्याकडे काय परिस्थिती आहे ते जरूर कळवा. गंजिफा खेळलेलं कुणी असेल तर अवश्य.